डावीकडून तिसरा उंदीर

अमेरिकेत मुलगी चारेक वर्षांची झाली की घरात गुलाबी मोजे येतात. मोज्यांमागून बॅलेचा क्लास येतो आणि क्लास लागून दोन-तीन वर्षं झाली की एका डिसेंबरात पोरगी उंदीर होते. यात कुणाचा इलाज चालत नाही. ‘नटक्रॅकर’ या बॅलेला उंदरांची फौज लागते आणि ती फौज गावोगावच्या नृत्यशाळा दरवर्षी नव्यानं उभी करतात. आमच्या न्यू जर्सीत भरती सप्टेंबरात असते. बाहेर अजून उकडत असतं, भारतीय दुकानांत मखरं आणि मोदकांचे साचे मांडलेले असतात, आणि आपण पोरीला मागच्या सीटवर बसवून ‘नटक्रॅकर’चा संगीतकार चायकोव्हस्की ऐकत ऑडिशनला निघालेलो असतो. एकाच आठवड्यात देवापुढच्या उंदराला मोदक दाखवायचा आणि पोटच्या उंदराला ‘तू खलनायकाच्या पक्षात आहेस, जरा दुष्ट दिस’ असं शिकवायचं, ही कसरत परदेशी राहिल्याशिवाय कळायची नाही.

ज्यांनी ‘नटक्रॅकर’ पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ती थोडक्यातच आहे. जर्मनीतलं एक खाऊनपिऊन सुखी घर. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे जमलेत, दिवाणखान्यात झाड सजलंय. क्लाराला (काही ठिकाणी तिचं नाव मारी असतं) तिचा धर्मपिता ड्रॉसेलमायर, जरा चक्रमच माणूस, एक लाकडी शिपाई देतो. शिपायाच्या जबड्यात अक्रोड ठेवायचा आणि फोडायचा. भाऊ तो हिसकावून मोडतो, हेही घरोघरचंच. रात्री बारा वाजता झाड वाढू लागतं, उंदीर निघतात, शिपाई जिवंत होतो आणि जुंपते. तलवारी चालतात, तोफ उडते, तरी उंदीरराजा काही शिपायाला आवरत नाही. मग क्लारा पायातली चप्पल काढते आणि नेम धरून फेकते. उंदीरराजा खलास! एवढी शस्त्रं परजून शेवटी निकाल लावला तो चपलेनं, हे पाहिल्यावर मराठी माणसाला या बॅलेची महती वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

पुढे शिपायाचा राजपुत्र होतो, बर्फ पडतं, तो क्लाराला घेऊन मिठाईच्या राज्याकडे निघतो आणि मध्यंतर होतं. गोष्ट इथे संपली. दुसरा अंक अख्खा शिल्लक आहे. त्यात चॉकलेट, कॉफी, चहा असे एकेक पदार्थ येऊन नाचून जातात आणि क्लारा सिंहासनावर बसून ते बघते. माझी आई ठाण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा स्टेजवरची नजर न काढता मला म्हणाली, “पहिल्या अंकात झोपली, दुसऱ्यात बसून राहिली. हिला नायिका कुणी केलं गं?”

रशियातल्या पीटर्सबर्गच्या टीकाकारांनाही साधारण हाच प्रश्न पडला होता. डिसेंबर १८९२ मध्ये मारिन्स्की थिएटरात ‘नटक्रॅकर’ पहिल्यांदा झाला, तोही एकटा नव्हे. त्याच संध्याकाळी आधी चायकोव्हस्कीचा ‘इयोलांता’ हा ऑपेरा होता. ऑपेरा ऐकून दमलेल्या लोकांपुढे हा बॅले आला. तक्रारी तीन: स्टेजवर पोरं फार, गोष्ट नावाला, आणि मुख्य नर्तिका खऱ्या अर्थानं नाचायला लागते तेव्हा लोकांची घरी जायची वेळ झालेली असते. तिन्ही तक्रारी आज जशाच्या तशा लागू आहेत. मी दरवर्षी तपासून बघते.

मूळ कथा ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाची, १८१६ ची. ती बरीच काळोखी आहे. त्यातल्या उंदीरराजाला सात डोकी आहेत आणि सातही मुकुटधारी. १८४४ मध्ये फ्रान्सच्या अलेक्झांडर द्यूमानं ती आपल्या पद्धतीनं सांगितली, म्हणजे कडू गोळीवर साखर चढवली. ती द्यूमाची प्रत रशियात पोचली आणि नृत्यदिग्दर्शक मारियुस पेटिपानं तिचा बॅले बेतला. हा पेटिपा मोठा करडा माणूस. अमुक प्रसंगाला इतकी आवर्तनं, तमुक प्रसंगाला इतकी, इथे आनंदी, इथे भीतिदायक, अशी मापं काढून त्यानं चायकोव्हस्कीच्या हातात दिली. शिंप्याला ब्लाउजची मापं द्यावीत तशी. आणि मग तो स्वतः आजारी पडला, नाच बसवले ते त्याचा सहायक लेव्ह इवानोव्हनं. चायकोव्हस्कीलाही हे काम फारसं रुचलं नव्हतं. ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या पुढे हे फार कमी पडतंय असं त्याचं मत होतं. १८९३ च्या नोव्हेंबरात तो गेला. पुढे काय होणार आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

गंमत म्हणजे हे संगीत डोक्यात घोळत असतानाच तो अमेरिकेत येऊन गेला होता. मे १८९१ मध्ये न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल उघडला त्या समारंभाला त्याला बोलावलं होतं. ज्या देशात आपलं हे नावडतं अपत्य एक दिवस शाळांच्या सभागृहांत, चर्चच्या तळघरांत आणि मॉलमधल्या स्पीकरवर पोसलं जाणार, त्या देशात माणूस राहून, वाद्यवृंदाचं संचालन करून, एक्कावन्नावा वाढदिवस करून परत गेला.

अमेरिकेनंही ते लगेच कडेवर घेतलं नाही. १९४० मध्ये डिस्नेनं ‘फँटेशिया’त त्यातलं संगीत वापरलं, तेव्हा लोकांच्या कानांवर ते पडलं. चार वर्षांनी, युद्ध चालू असताना, सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम क्रिस्टेन्सननं अख्खा बॅले बसवला. त्याचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९४४ चा. आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी जॉर्ज बॅलंशिननं. बॅलंशिन पीटर्सबर्गचाच, तिथल्या शाही नृत्यशाळेचा विद्यार्थी. लहानपणी या बॅलेत नाचलेला. पैशांची ओढाताण असताना त्यानं झाडाच्या बाबतीत मात्र तडजोड केली नाही. त्या झाडाची आजची आवृत्ती पुरती वाढली की ४१ फूट उंच होते आणि तिचं वजन टनभर भरतं. १९५७ आणि १९५८ च्या नाताळात हा बॅले टीव्हीवर लागला आणि घरोघरच्या पोरींनी आयांच्या मागे भुणभुण लावली. तिथून मग गावोगावी उंदरांची पैदास.

पण खरं गणित पोरांचं आहे. पीटर्सबर्गच्या जाणकारांना जी खोड वाटली, तीच या बॅलेची दुभती गाय निघाली. एक व्यावसायिक नर्तक स्टेजवर आला तर त्याच्यामागे फार तर त्याची बायको थिएटरात येईल. एक उंदीर आला तर आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, शेजारीण, आणि वर्गशिक्षिका सहानुभूतीपोटी. सगळी तिकिटं पूर्ण दराची. अमेरिकेतल्या कित्येक बॅले कंपन्यांच्या वर्षभराच्या तिकीटविक्रीतला निम्म्याच्या आसपास पैसा एकट्या ‘नटक्रॅकर’मधून येतो. बाकीच्या अकरा महिन्यांत जे गंभीर, प्रायोगिक, नव्वद माणसांनी बघायचे बॅले होतात, ते या उंदरांच्या जिवावर. २०२० मध्ये साथीमुळे जवळजवळ सगळीकडे पडदा पडलेलाच राहिला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क सिटी बॅलेनं लस घेता येईल अशी, बारा वर्षं आणि वरचीच मुलं घेतली. परिणामी देवदूत हातभर वाढले आणि शिवणविभागाला सगळ्यांचे कपडे उकलून मोठे करत बसावं लागलं.

आमच्या शाळेत शिवणविभाग नाही. शिवणविभाग म्हणजे आम्ही. नोव्हेंबरात घरी एक मोठी प्लास्टिकची पिशवी येते आणि तिच्यात राखाडी फरचा उंदीर घडी करून ठेवलेला असतो. त्याला मागच्या वर्षीच्या घामाचा आणि कुणाच्या तरी चीज पफ्सचा वास असतो. कॉलरच्या आतल्या बाजूला एक पांढरी पट्टी शिवलेली आहे. तिच्यावर आजवर हा उंदीर ज्यांनी ज्यांनी घातला त्यांची नावं मार्करनं लिहिलेली, एकेक खोडत आलेली. वरची नावं इटालियन आणि आयरिश वाटतात. मध्ये एक कोरियन. सगळ्यांच्या खाली आमचं आडनाव, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगनं. मी ते दुरुस्त करायला पेन घेतलं आणि मग राहू दिलं, जागाच उरली नव्हती. जर्मनाची गोष्ट, फ्रेंचाची शाई, रशियनाचं संगीत, अमेरिकनाचा पैसा, आणि आता आतला उंदीर ठाण्याचा. हा बॅले मुळात कुणाच्याच घरचा नाही. म्हणून तो सगळ्यांनी घरचा करून टाकला असावा. वारसदार असते तर भाऊबंदकीच झाली असती.

मेकअपच्या खोलीत आयांचं राज्य. तिथला मुख्य प्रश्न अंबाड्याचा. बॅलेचा अंबाडा म्हणजे एक केस सुटलेला चालत नाही; जेल, स्प्रे, जाळी आणि पिना, पिना, पिना. एका पोरीच्या डोक्यात इतकं लोखंड जातं की विमानतळावर तिला बाजूला काढतील. माझी आई आली त्या वर्षी ती या खोलीत सहज म्हणून बसली होती. शेजारच्या गोऱ्या आईची तिसऱ्यांदा जाळी सुटली, पोरगी रडायला आली, तेव्हा आईनं न विचारता तिला पुढ्यात ओढलं. पर्समधली खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली (ही बाटली न्यू जर्सीत डिसेंबरात गोठून पांढरी होते, ती तिनं मुठीत धरून पातळ केली), केस चापून मागे घेतले, एक पीळ, एक वेढा, चार पिना. त्या पोरीनं डोकं गदागदा हलवून पाहिलं. अंबाडा हलला नाही. दहा मिनिटांत आईपुढे रांग होती. एकीलाही मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजीचा कंटाळा; ती प्रत्येकीला “सरळ बस, बघ पुढे” म्हणत होती आणि सगळ्या सरळ बसून पुढे बघत होत्या. त्या संध्याकाळी देवदूतांची एक तुकडी प्रकाशात जरा जास्तच चकाकली, आणि पहिल्या रांगेपर्यंत खोबरेलाचा दरवळ होता म्हणतात.

बाप लोकांचीही सुटका नसते. पहिल्या अंकातल्या पार्टीत पाहुणे लागतात, ते पालकांतूनच. लांब कोट घालून हात मागे बांधायचे आणि दुसऱ्या बापाशी आवाज न करता बोलायचं. नवऱ्यानं एक वर्ष हे काम केलं आणि आवाज न करता बोलणं त्याला इतकं जमलं (लग्नाचा अनुभव) की पुढच्या वर्षी त्याला बढती मिळाली: मदर जिंजर. ही दुसऱ्या अंकातली एक अगडबंब बाई. हिचा घागरा तंबूएवढा, आत आठ चिमुरडी लपलेली. ती पुढे येते, घागरा उघडतो, पोरं बाहेर येऊन नाचतात आणि परत आत शिरतात. हे काम बहुतेक पुरुषच करतात, पायांना काठ्या बांधून. नवरा महिनाभर गॅरेजमध्ये काठ्यांवर चालत होता. शनिवारच्या प्रयोगाला सात पोरं बाहेर आली. आठवी आतच, त्याच्या डाव्या काठीला मिठी मारून उभी. प्रेक्षकांना एवढंच दिसलं की एक लिपस्टिक लावलेली भव्य बाई एकीकडे मधुर हसतेय आणि दुसरीकडे दात आवळून घागऱ्याशी काहीतरी बोलतेय. संगीत रेकॉर्डचं, ते कुणासाठी थांबत नाही. नाच संपला, सातजणी आत शिरल्या आणि आठवीसकट बाई हळूहळू, लंगडत विंगेत गेली. त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी तिला.

बाहेर टेबलावर लाकडी शिपाई विकायला असतात. जर्मनीच्या एर्झगेबिर्गे डोंगराळ भागात हे शिपाई कोरायचा जुना धंदा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी ते घरी आणले आणि त्यांची इकडे टूम निघाली. आईनं एक उचलून जबडा उघडझाप केला आणि याच्यानं सुपारी फुटेल का, असं विचारायला लावलं. टेबलावरच्या बाईंनी सांगितलं की यानं अक्रोडसुद्धा फोडू नका, जबडा निखळेल. आईनं तो ज्या नजरेनं खाली ठेवला, ती नजर मी पूर्वी फक्त काही जावयांवर पडलेली पाहिली आहे.

साखरपरी, म्हणजे ज्या मुख्य नर्तिकेसाठी लोक शेवटपर्यंत थांबतात ती, ज्याच्या नावानं नाचते तो खाऊ आता इकडच्या पोरांना माहीत नाही. जुन्या काळी बडीशेपेसारखे दाणे नाहीतर बदाम कढईत घेऊन, हलवत हलवत, त्यांच्यावर पाकाचे पातळ थर चढवत नेत. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे हलवा!” आणि खरंच तोच. मंद आचेवर परात, चमच्याचमच्यानं पाक, बोटं भाजेतो हलवणं, दिवसचे दिवस. आईचं म्हणणं पडलं की मग त्या परीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घालायला हवेत, हे पांढरं छत्रीसारखं काय घातलंय. हा मुद्दा मी अजून शाळेपुढे मांडलेला नाही.

तिच्या नाचाला जे टिणटिण वाद्य वाजतं ते सेलेस्टा. चायकोव्हस्कीनं ते १८९१ मध्ये पॅरिसला ऐकलं आणि आपल्या प्रकाशकाला लिहून मागवलं, वर ताकीद दिली की रिम्स्की-कॉर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्हला याची कुणकुण लागता कामा नये. नवी बंदिश शेजारच्या बुवांच्या कानावर पडू नये म्हणून खिडक्या लावून रियाज करणारे आपल्याकडे कमी नव्हते. माणूस लगेच ओळखीचा वाटला.

पण आईला धरून ठेवलं ते परी आणि तिच्या जोडीदाराच्या संथ नाचानं. ती ठाण्यात कितीतरी वर्षं गाणं शिकली आहे आणि मैफलीत मांडीवर बोटं चालवायची तिची सवय इथेही सुटत नाही. चेलोंवर तो सूर सुरू झाला तशी बोटं चालली आणि ती कुजबुजली, “सां नि ध प म ग रे सा. अगं, नुसता बिलावलचा अवरोह आहे हा. पहिल्या महिन्यात शिकवतात तो!” आहे तसाच. वरच्या षड्जापासून पायरी न गाळता खाली. केवळ सप्तकाच्या सुरांवर रचना करून दाखव, अशी कुणीतरी त्याच्याशी पैज लावली होती, अशी एक आख्यायिका आहे. दुसरी गोष्ट मात्र खरी: हे काम हातात असताना, अमेरिकेच्या बोटीत बसण्याआधी, त्याची लाडकी बहीण साशा वारली आणि ती बातमी त्याला पॅरिसमध्ये वर्तमानपत्रातून कळली. अवरोह त्याच दुःखाचा, असं पुष्कळ लोक मानतात. मी हे आईला मध्यंतरात सांगून ठेवलं नव्हतं. तिनं ते न कळताच चष्मा काढून पुसला, आणि नंतर म्हणाली की इथली हवा फार कोरडी आहे.

चहा-कॉफीच्या नाचांबद्दल मात्र बोलू तेवढं कमी. कॉफी म्हणजे अरबस्तान, पण सूर जॉर्जियातल्या एका अंगाईवरून घेतलेला. चहा म्हणजे चीन, आणि चीन म्हणजे दोन बोटं वर करून टुणटुण उड्या, हे शंभर वर्षं चाललं. अलीकडे ते कुणाकुणाला खटकू लागलं; न्यूयॉर्क सिटी बॅलेनं २०१७ मध्ये त्यातल्या काही लकबी आणि रंगरंगोटी काढून टाकली. भारत या मिठाईच्या दुकानात नाही याचं मला आधी वाईट वाटायचं. मग कळलं की पेटिपानं आपला समाचार १८७७ मध्येच घेऊन ठेवलाय, ‘ला बायादेर’ नावाच्या बॅलेत, मंदिरातल्या नर्तिका, राजा, पुजारी, नाग असं सगळं सामान भरून. सुटलो ते बरं झालं.

आणि या सगळ्यात आमची पोर कुठे? लढाईत. डावीकडून तिसरा उंदीर. फरच्या डोक्याला डोळ्यांच्या जागी जाळी, त्यातून तिला काही दिसत नाही. आम्हाला तिचा चेहरा दिसत नाही. सगळे उंदीर सारखे. तरी बाराव्या रांगेतून आजीनं अचूक ओळखली, “ती बघ, पाय आत टाकते, आमच्या ह्यांच्यासारखी!” लढाई सगळी मिळून दोन-चार मिनिटांची. त्यात तिचं काम म्हणजे तीनदा पंजे उगारणं, एकदा मरणं आणि मेलेल्या राजाची शेपटी धरून बाहेर जाणं. मरताना ती जरा रेंगाळली असं मला वाटलं. शिक्षिकांनाही वाटलं, त्यांनी तसं कळवलं.

आई परत गेली आणि तिच्या भिशीत या प्रयोगाचं वर्णन सुरू झालं. फोनवर कळलं की नातीच्या उंदराला फारसा भाव मिळालेला नाही. मागणी आहे ती जावयाची. “ह्यांचे जावई अमेरिकेत घागरा घालून उभे राहतात आणि खालून आठ पोरं निघतात,” एवढं ऐकून बायकांनी व्हिडिओ मागितला म्हणे. मी सांगितलं, प्रयोगात फोन काढायला बंदी असते, व्हिडिओ नाही.

“नसू दे,” आई म्हणाली. “शुक्रवारी भिशी आपल्याकडेच आहे. चादर आहे, स्टूल आहे, सोसायटीतली पोरं मी सांगून ठेवलीयत. तू फक्त ते गाणं पाठव.”